मार्सलँ बेर्तलो : अल्कोहॉलची उष्णता मोजणारे रसायनशास्त्रज्ञ

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड ही ठिकाणे होती. वीस टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलच्या विक्रीचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत झाला. तेवढ्याच इंधनात गाडी थोडी कमी का धावते, हा प्रश्न मारतहळ्ळीच्या वाहतूक कोंडीतील चालकाला पडतो, तसाच मिरजेतील चालकालाही. त्याचे उत्तर देणारी मोजणी अचूक करण्यात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सलँ बेर्तलो यांचा मोठा वाटा आहे.

बेर्तलो यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८२७ रोजी पॅरिसमध्ये एका डॉक्टरच्या घरी झाला. सजीवांशिवाय सेंद्रिय पदार्थ निर्माण होत नाहीत, या समजुतीला त्यांनी प्रयोगांनी हादरा दिला. एथिलीन वायू सल्फ्युरिक आम्लात शोषून त्यांनी १८५५ च्या सुमारास एथिल अल्कोहॉल तयार केले. त्याला ना द्राक्षे लागली, ना किण्वन.

पुढे ते उष्णतेच्या अभ्यासाकडे वळले. उघड्या ज्योतीतील बरीचशी उष्णता हवेत निघून जाते. यावर उपाय म्हणून त्यांनी १८८१ मध्ये बाँब कॅलरीमापक प्रचारात आणला. पोलादी भांड्यात प्लॅटिनमचे अस्तर, आत दाबाखालील प्राणवायू आणि बाहेर पाणी. ठिणगी पडताच पदार्थ क्षणात पूर्ण जळतो आणि पाण्याच्या वाढलेल्या तापमानावरून उष्णता काढता येते. आजच्या आकड्यांनुसार एक ग्रॅम मेथिल अल्कोहॉल सुमारे २३, एथिल अल्कोहॉल ३०, तर ब्युटिल अल्कोहॉल ३६ किलोज्यूल उष्णता देते. अल्कोहॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, म्हणजे ते जणू काही अंशी जळालेलेच असते. म्हणूनच एक लिटर इथेनॉलपासून पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश कमी उष्णता मिळते. ऊष्मादायी आणि ऊष्माग्राही या शालेय पुस्तकांतील संज्ञांचे मूळही बेर्तलो यांच्याच लेखनात आहे.

मोजणी टिकली, सिद्धांत मात्र टिकला नाही. सर्वाधिक उष्णता देणारी अभिक्रियाच आपोआप घडते, असे त्यांचे मत होते. बर्फ उष्णता शोषूनही आपोआप वितळतो, ही साधी गोष्ट त्याच्या आड येत होती. तरुण प्येअर द्युएम यांनी प्रबंधात या मतावर टीका केली. तो प्रबंध नाकारला गेला आणि विद्वत्ता असूनही द्युएम यांना पॅरिसमध्ये प्राध्यापकपद कधीच मिळाले नाही. बेर्तलो यांच्या चरित्रातील हा डाग पुसता येणारा नाही.

त्यांचा अधिकारही तसाच मोठा होता. ते शिक्षणमंत्री, १८८९ पासून विज्ञान अकादमीचे स्थायी सचिव आणि १८९५ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. १८ मार्च १९०७ रोजी पत्नी सोफी यांच्या निधनानंतर काही तासांतच त्यांनीही प्राण सोडला. दोघांना एकत्रच पॅरिसच्या पाँतेओं या राष्ट्रीय स्मारकात स्थान देण्यात आले. तेथे विसावलेल्या सोफी या पहिल्या महिला होत.