दापोडीच्या बागेतला सर्जन

खंडाळा म्हटले की बहुतेकांना लोणावळ्याशेजारचे आठवते. आपले, खंबाटकी घाटाजवळचे खंडाळा मात्र एका अदलाबदलीत इतिहासात शिरले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना थंड हवेचे आरोग्यस्थान वसवण्यासाठी महाबळेश्वर हवे होते. १८२९ च्या तहात साताऱ्याच्या प्रतापसिंह छत्रपतींनी ती जागा दिली आणि मोबदल्यात खंडाळा गाव घेतले. याच माल्कम यांच्या काळात पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पतीबाग सुरू झाली. १८३८ मध्ये तिची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आली.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरोत वैद्यक शिकून ते कंपनीच्या नोकरीत सर्जन म्हणून इकडे आले. बागेत येण्याआधी त्यांच्याकडे दख्खन आणि खानदेशात देवीची लस टोचण्याचे काम होते. या फिरतीत त्यांना इथली भाषा, शेती आणि झाडपाला यांची ओळख झाली. लसीकरणासाठी गावोगाव हिंडलेल्या आमच्या आरोग्यसेविकांना हे वेगळे सांगायला नको.

दवाखान्यांतली बरीच औषधे तेव्हा विलायतेहून येत. आफ्रिकेला वळसा घालून, काही महिने दमट हवेत राहून ती इथे पोहोचत, तोवर अर्काचा जोर कितीसा उरणार? गिब्सन यांनी औषधी वनस्पती इथेच लावायचे ठरवले. दापोडीला आणि जुन्नरजवळच्या हिवरे येथील बागेत त्यांनी लागवड केली आणि मुंबई इलाख्याच्या सरकारी औषधभांडाराला माल जाऊ लागला. त्यात खुरासानी ओवा होता. नाव ओव्याचे असले तरी त्याचा आपल्या सुगंधी ओव्याशी काही संबंध नाही. तो विषारी आहे. पोटात गेल्यास तोंड कोरडे पडते, बाहुल्या मोठ्या होतात, माणूस बरळू लागतो. अशा रुग्णाला घरी उपाय करत न बसता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. त्यातल्याच एका द्रव्यावरून तयार झालेले इंजेक्शन पोटातली कळ थांबवायला आम्ही आजही वापरतो.

बियांपासून अशी झाडे वाढवणे दिसते तितके सोपे नाही. बडीशेपेच्या कुळातल्या सुगंधी बियांची उगवणशक्ती उष्ण, दमट हवेत लवकर जाते. थंड देशांतल्या अनेक बहुवर्षायू फुलझाडांचे बी काही आठवडे थंडी लागल्याशिवाय उगवतच नाही. दख्खनच्या उन्हात ते मातीत नुसते पडून राहते. महाबळेश्वरला गारवा आहे, पण साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या पावसात कोवळी रोपे कुजतात. तुळशीसारखे बारीक बी खोल पुरले तर वर येत नाही. ते मातीवर भुरभुरून, जेमतेम झाकून, फवाऱ्याने पाणी द्यावे लागते. अशा कामात हंगामामागून हंगाम जातात.

रानातून उपटून आणणे त्यापेक्षा कितीतरी सोपे. पण सफेद मुसळीसारखी वनस्पती बियांपासून वाढून चांगली मुळे धरायला एकाहून अधिक पावसाळे घेते, आणि उपटायला अर्धे मिनिट पुरते. आमच्याकडे काढ्याच्या पुड्या घेऊन येणाऱ्या रुग्णांना त्या कुठल्या झाडाच्या, हे क्वचितच सांगता येते. बियांपासून लावलेल्या बागेत निदान ओळख पक्की असते.

जंगल तुटले की झरे आटतात, हे गिब्सन यांनी कोकणात पाहिले आणि सरकारला वारंवार कळवले. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. डोंगर जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीला त्यांचा विरोध होता. तिच्यावरच्या निर्बंधांची झळ डोंगरातल्या गरिबांना बसली, हेही त्यांच्या खात्यावर मांडायला हवे.

१८६० मध्ये ते पदावरून उतरले. पुढच्याच वर्षी डाल्झेल यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८६७ मध्ये ते वारले. त्याच दशकात दापोडीची बागही मोडली आणि काम गणेशखिंडीत गेले. त्यांनी बागेतल्या झाडांची काढून घेतलेली सुमारे १७० रंगीत चित्रे मात्र एडिंबरोच्या वनस्पतीउद्यानात जपलेली आहेत. ती रंगवणाऱ्या चित्रकाराचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या एका पांढऱ्या आमरीच्या शास्त्रीय नावात 'गिब्सोनी' हा शब्द आहे.