इंदूरचे खतवाले साहेब

मुलांनो, गेल्या उन्हाळ्यात वर्गाच्या कुंड्यांतली मेथी पिवळी पडली, तेव्हा ती माती फेकून नवी पिशवी आणावी असे आम्हां सर्वांनाच वाटले. जर्सी सिटीत माती विकतच मिळते ना! पण त्याआधी अल्बर्ट हॉवर्ड यांची गोष्ट वाचा.

हॉवर्ड १८७३ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे ते सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. आले होते शिकवायला, पण शिकतच राहिले. आपल्या शेतकऱ्यांना, इतकेच काय पिकांवरच्या किडींनाही ते गुरू मानत. पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाच्या नव्या जाती काढल्या.

१९२४ मध्ये हे जोडपे होळकरांच्या इंदूरला आले. तिथे पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचत, पाणी शिंपडत आणि तीनदा उलथत. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार! हीच 'इंदूर पद्धत'. १९३१ साली त्यावर पुस्तक निघाले. लेखक म्हणून हॉवर्ड यांच्या जोडीला यशवंत वाड यांचे नाव आहे. (आम्हांलाही हे ठाऊक नव्हते.) पण गॅब्रिएल आदल्याच वर्षी वारल्या होत्या. हॉवर्ड एकटेच इंग्लंडला परतले.

पुढे भारतातल्या आणि सिलोनमधल्या चहामळ्यांत एक नवल दिसले. हे खत घातलेली झुडपे भराभर सुधारत. एवढ्याशा खताने एवढा फरक? हॉवर्डनी मुळे तपासून घेतली. मुळांत बारीक बुरशी राहत होती! तिला मायकोरायझा म्हणतात. हे नाव जर्मनीत फ्रँक यांनी १८८५ मध्येच दिले होते. तिचे तंतू मुळांच्याही पलीकडे पसरतात, तिथून स्फुरद आणि पाणी आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. स्फुरदाचे रासायनिक खत फार झाले की ही देवघेव मंदावते.

चांगल्या खताने सगळे रोग टळतात, असेही हॉवर्ड म्हणत. ते आम्हांला जरा जास्तच वाटते. पुष्कळ शास्त्रज्ञ त्यांच्यावर रागावले. तरी १९४७ मध्ये वारेपर्यंत त्यांनी आपले म्हणणे सोडले नाही. आपल्या शेजारच्या पेनसिल्व्हेनियात रोडेल यांनी त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले.

मेथीच्या मुळांत ही बुरशी राहते, मोहरीच्या मुळांत सहसा नाही. म्हणून यंदाही मेथीच! जुनी माती आम्ही ठेवली आहे. पुढच्या वर्गाला येताना वाळलेली पाने, भाजीची देठे, केळ्याची साले आणा. शिजवलेले अन्न मात्र नको, उंदीर येतात.