लोणावळ्याच्या पावसावर पैसे कोण लावणार? दोराबजी टाटांची फंडिंगची गोष्ट

स्टार्टअपला फंडिंग मिळालं की बातमीत फक्त आकडा येतो. पण पैसे देणारा नक्की काय बघून देतो? माझे दोन-तीन मित्र सध्या पिच डेक घेऊन फिरतायत, त्यांनाही हाच प्रश्न पडलाय. मला याचं सगळ्यात चांगलं उत्तर लोणावळ्यात सापडलं, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचं. कारण दोराबजी टाटा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले होते.

दोराबजींचा जन्म १८५९ चा, मुंबईचा. जमशेटजींचे थोरले चिरंजीव. केंब्रिजला शिकायला गेले, परत येऊन सेंट झेवियर्समधून १८८२ साली पदवी घेतली आणि चक्क पत्रकारिता केली. मग वडिलांच्या कापडाच्या धंद्यात शिरले. १९०४ मध्ये जमशेटजी वारले तेव्हा पोलाद आणि वीज ही दोन्ही स्वप्नं कागदावरच होती. म्हणजे आजच्या भाषेत दोन स्टार्टअप, प्रॉडक्ट शून्य.

पोलादाच्या कारखान्यासाठी ते आधी लंडनला गेले. तिथल्या सावकारांकडून काम झालं नाही. मग १९०७ मध्ये शेअर्स इथेच विकायला काढले. स्वदेशीचे दिवस होते. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी मिळून सगळं भांडवल उभं केलं. प्लॅन तोच होता, फक्त पैसे देणारे बदलले. त्यामुळे एका व्हीसीने ‘नाही’ म्हटलं म्हणून आयडिया वाईट ठरत नाही, एवढं मित्रांना नक्की सांगेन.

आता विजेची गोष्ट. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. पण तो चारच महिने पडतो आणि गिरण्या बाराही महिने चालतात. म्हणून वळवण, शिरवता आणि लोणावळा इथे तलाव बांधून पाणी साठवायचं, खंडाळ्यापर्यंत आणायचं आणि तिथून पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचं. त्या जोरावर टर्बाइन फिरणार आणि वीज तारांवरून मुंबईला जाणार, असा तो प्लॅन होता.

व्हीसी साधारण तीन गोष्टी तपासतो: टेक्नॉलॉजी चालेल का, गिऱ्हाईक आहे का आणि हा माणूस शेवटपर्यंत टिकेल का. इथे पाणी उंचावरून पडतं, यात वाद नव्हता. गिऱ्हाईकही समोरच होतं: दुरून आणलेला कोळसा जाळणाऱ्या मुंबईच्या गिरण्या. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खुद्द दोराबजी होते. १९१० मध्ये कंपनी निघाली, ८ फेब्रुवारी १९११ ला गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यात पायाभरणी केली आणि १९१५ मध्ये वीज सुरू झाली. पैसे घालून चार वर्षं नुसतं बांधकाम बघत बसायचं! आजचे फंड एवढी वाट सॉफ्टवेअरसाठी सहसा बघत नाहीत.

आता टेबलाची दुसरी बाजू. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरच्या शर्यतीत दोराबजींनी अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं पाहिली. कोच नाही, ट्रेनिंग नाही, पण वेळ दमदार. त्यांनी पुढाकार घेतला, खिशातून पैसे घातले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा संघ गेला. पदक एकही आलं नाही. व्हीसीच्या भाषेत हा सीड राउंड होता, आणि असे बहुतेक राउंड बुडतात हे धरूनच पैसे लावायचे असतात. दहातला एखादा चालला की तो बाकीच्यांची भरपाई करतो.

१९२४ मध्ये तर पोलाद कंपनीत पगाराला पैसे नव्हते. दोराबजींनी स्वतःची जवळपास एक कोटीची मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. पत्नी मेहरबाईंचे दागिने आणि ज्युबिली हिराही त्यात होता. कंपनी वाचली.

पण त्याच काळात शेजारच्या मुळशीत वेगळंच चाललं होतं. टाटांच्या नव्या धरणाखाली मावळ्यांची गावं आणि भाताची खाचरं जाणार होती. १९२१ पासून १९२४ पर्यंत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. लोक तुरुंगात गेले, धरण मात्र झालंच. टेक्नॉलॉजी, गिऱ्हाईक, माणूस या तिन्ही प्रश्नांत जमीन कोणाची हा प्रश्न बसतच नव्हता. मला विचाराल तर दोराबजींच्या हिशोबातली सगळ्यात मोठी चूक हीच. आणि अ‍ॅपच्या पिच डेकमध्येसुद्धा ‘याने कोणाचं काय जाणार’ अशी स्लाइड मी अजून पाहिलेली नाही.

१९३१ मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजींनी आपली संपत्ती ट्रस्टला दिली आणि १९३२ च्या जूनमध्ये जर्मनीत त्यांचं निधन झालं. त्याच ट्रस्टने १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं.