मळवलीच्या शिळांवरचे देव

देहूरोडला लोणावळ्याची लोकल पकडली की तळेगाव, कामशेत मागे टाकीत गाडी मळवलीस येते. कार्ले-भाजे येथील लेण्यांसाठी प्रवासी तेथे उतरतात. इंद्रायणीच्या खोऱ्यातील याच गावी एके काळी लक्ष्मी-सरस्वती दगडी शिळांवरून छापून निघत आणि घरोघर जात, याचे स्मरण मात्र फार थोड्यांना असते. तो छापखाना राजा रविवर्मा यांचा.

त्रावणकोरातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी जन्मलेल्या या चित्रकाराने कोणत्याही कलाशाळेची पायरी चढली नाही. तैलरंगांचे तंत्र त्यांनी दरबारात आलेल्या परदेशी चित्रकाराचे काम पाहून आणि स्वतः धडपडून आत्मसात केले. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे रंगविली. ती मुंबईत मांडली गेली, तेव्हा ज्यांना राजवाड्याचे दार कधीच उघडले नसते अशा माणसांनी ती पाहण्यासाठी गर्दी केली. त्या गर्दीची भूक त्यांनी ओळखली. राजेरजवाड्यांच्या मानधनावर सुखाने निभावले असते. पण १८९४ मध्ये त्यांनी धाकटे बंधू राजराजवर्मा यांच्या साह्याने मुंबईत शिळाछापखाना काढला. जर्मनीहून यंत्रे व कारागीर आणविले. प्लेगाच्या धामधुमीनंतर छापखाना मळवलीस हलविण्यात आला.

व्यवहार या कलावंताला मानवला नाही. कर्जाचा बोजा वाढत गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. १९०५ मध्ये पाठचा भाऊ गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मांनीही देह ठेवला. १९७२ मध्ये आगीने छापखान्याचीही वाताहत केली.

कलाभिज्ञांनी त्यांना पाश्चात्त्यांचे अनुकरण करणारा म्हणून हिणविले. देवी नऊवारी नेसून उभ्या राहतात, म्हणून नाके मुरडली. या टीकेत तथ्यांश असेलही. परंतु ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे मज्जाव होता, त्यांच्या घरातल्या भिंतीवर देव येऊन बसला तो या स्वस्त कागदावर, ही गोष्ट टीकाकारांच्या हिशेबात कधी धरली गेली नाही. ज्या देहूत तुकोबांनी वेदांचा अर्थ लोकभाषेत आणला, तेथल्या माणसाला तरी या कार्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

एकाच शिळेवरून हजारो प्रती निघाल्या, तरी प्रत्येक घरातील चित्र वेगळे होई, हे त्याहून लक्षणीय. घरच्या स्त्रिया छापील देवीला जरीची वस्त्रे शिवीत, टिकल्या आणि मणी लावीत. यंत्राने दिलेले हाताने पुन्हा आपले करून घ्यावे, ही माणसाची जुनी ओढ आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने वर्तमानपत्रांतील गाजलेल्या चित्रमालिकांवर वीस तिकिटे काढली, तेव्हा तेथील हौशी मंडळींनी तिकिटे लावलेल्या पाकिटांवर तीच पात्रे स्वहस्ते रंगविली. एकेक पाकीट असे एकमेव ठरले आणि संग्राहकांनी ते जपून ठेवले. सकाळी वाचून संध्याकाळी रद्दीत जाणाऱ्या चित्राचा तो सन्मान होता.

आपल्या टपालखात्यानेही १९७१ मध्ये रविवर्मांच्या जन्मदिनी तिकीट काढले. त्यावर हंसाशी हितगुज करणारी दमयंती आहे. संग्राहकांच्या वह्यांत ते आजही सापडते. परंतु वहीत बंद राहिलेले तिकीट म्हणजे तिजोरीतील देव. चित्रकलेच्या तासाला शिक्षकांनी ते मुलांपुढे ठेवावे, साधे पाकीट हाती द्यावे आणि त्यावर मळवलीचा डोंगर, शिळा किंवा आजीच्या देव्हाऱ्यातील लक्ष्मी रंगवावयास सांगावे. ही पाकिटे मग गावाकडच्या आप्तांना खरोखरीच टपालाने धाडावीत. पत्रे लिहिणेच सुटत चाललेल्या या काळात त्याचे मोल अधिक आहे.

रविवर्मांचे मोठे स्मारक कधी होईल तेव्हा होवो. ज्याने आपली कला पोस्टमनच्या झोळीत मावेल इतकी सोपी आणि स्वस्त केली, त्याला मुलाच्या हातचे एक रंगीत पाकीट हेही स्मारक शोभून दिसेल.