भिंतीवरचे गणित : सोफिया कोवालेव्हस्काया

सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवण्यास आरंभ केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५ जानेवारी १८५० रोजी, मॉस्को येथे सोफियाचा जन्म झाला. या दोघींचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु युरोपात मुलींना विद्येची दारे सताड उघडी होती असा आपल्याकडे जो समज आहे, तो सोफियाच्या चरित्रापुढे टिकत नाही. म्हणून आम्ही ते येथे देत आहोत.

वडील तोफखान्यातील बडे अधिकारी आणि जमीनदार. पालिबिनो येथील वाड्यात मुलांच्या खोलीला भिंतीचा कागद अपुरा पडला, तेव्हा ऑस्त्रोग्राद्स्की यांच्या कलनशास्त्रावरील व्याख्यानांची जुनी पाने तेथे चिकटवली गेली. छोटी सोफिया त्या भिंतीपुढे तासन्‌तास उभी राही. अर्थ कळत नसे. कोणत्या पानानंतर कोणते पान येते, एवढेच ती शोधी. पुढे शेजारच्या एका प्राध्यापकांचे भौतिकशास्त्राचे पुस्तक वाचताना त्रिकोणमिती आडवी आली, तेव्हा तिने त्या सूत्रांचा उलगडा स्वतःच केला. प्राध्यापक चकित झाले आणि मुलीला उच्च गणित शिकवा म्हणून वडिलांच्या मागे लागले.

येथे एक गोष्ट नोंदवणे आम्हांस आवश्यक वाटते. रशियात भूदासांची मुक्तता १८६१ साली झाली. जमीनदारांच्या शेतांवर राबणाऱ्या त्या कुटुंबांतील मुलींना अशी भिंतही लाभली नाही. त्यांच्यात किती सोफिया होत्या, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

मात्र सेनापतीच्या मुलीलाही रशियातील विद्यापीठ बंदच होते. परदेशी जाण्यास पित्याची किंवा पतीची अनुमती हवी. म्हणून १८६८ साली तिने व्लादिमीर कोवालेव्हस्की यांच्याशी नावापुरता विवाह केला. हायडेलबर्ग येथे प्रत्येक प्राध्यापकाची स्वतंत्र परवानगी काढून ती वर्गात बसली. बर्लिनमध्ये तेवढीही सोय नव्हती. तेथे कार्ल वायरश्ट्रास यांनी तिला चार वर्षे खासगीरीत्या शिकविले. १८७४ साली गटिंगेन विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट दिली. आंशिक अवकल समीकरणांवरील तिचा सिद्धान्त आजही कोशी–कोवालेव्हस्काया या नावाने शिकविला जातो.

एवढी पदवी घेऊन ती मायदेशी परतली, तर मुलींच्या खालच्या वर्गांना अंकगणित शिकवण्यापलीकडे तिच्यासाठी काम नव्हते. १८७८ साली कन्या झाली. १८८३ साली पतीने आत्महत्या केली. त्याच वर्षी मिट्टाग-लेफ्लर यांच्या प्रयत्नांनी ती स्टॉकहोमला गेली. पहिल्या वर्षी तिला संस्थेकडून वेतन नव्हते.

१८८८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने बोर्डिन पारितोषिकासाठी स्पर्धा ठेवली. निबंधावर लेखकाचे नाव घालायचे नव्हते. ते बंद लिफाफ्यात असे. स्थिर बिंदूभोवती फिरणाऱ्या दृढ पदार्थाच्या गतीवरील तिचा निबंध परीक्षकांना इतका मोलाचा वाटला की पारितोषिकाची रक्कम ३,००० वरून ५,००० फ्रँक करण्यात आली. लिफाफा उघडल्यावर बाईचे नाव निघाले.

१८८९ साली ती स्टॉकहोमला कायम प्राध्यापक झाली. त्याच वर्षी रशियाच्या अकादमीने तिला पत्रव्यवहारी सदस्यत्वाचा मान दिला. मायदेशातील विद्यापीठात अध्यापनाची जागा मात्र शेवटपर्यंत दिली नाही. १० फेब्रुवारी १८९१ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, ती स्टॉकहोममध्येच निवर्तली.