जर्मनीला हसवणाऱ्या कुर्ट गेरॉनला शेवटचा सिनेमा नाझींसाठी बनवावा लागला

१९३० साली जर्मनीत 'दी ड्राय फॉन डेर टांकश्टेले' हा बोलपट तुफान गाजला. दिवाळं निघालेले तीन मित्र पेट्रोल पंप टाकतात आणि तिघंही एकाच मुलीच्या प्रेमात पडतात, अशी धमाल गोष्ट. त्यात वकील झालेला धिप्पाड नट म्हणजे कुर्ट गेरॉन.

१८९७ मध्ये बर्लिनच्या ज्यू कुटुंबात जन्मलेला गेरॉन पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढला, जखमी झाला. पुढे नट आणि दिग्दर्शक म्हणून नाव कमावलं. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू म्हणून गेरॉनला चालू शूटिंगमधून हाकललं गेलं. तो देश सोडून अखेर हॉलंडला पोचला. १९३७ मध्ये पेट्रोल पंपवाल्या सिनेमावरही बंदी आली आणि १९४० मध्ये नाझी हॉलंडमध्येही घुसले.

१९४४ मध्ये त्याची रवानगी टेरेझिनश्टाटच्या छावणीत झाली. इथं ज्यू मजेत राहतात, असं भासवणारा सिनेमा नाझींनी त्याच्याकडूनच बनवून घेतला. शूटिंग संपलं. ऑक्टोबरअखेरीस गेरॉन आणि त्याच्या बायकोला आउशवित्झला पाठवून गॅस चेंबरमध्ये मारलं. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता. त्याच्या कॅमेऱ्यासमोर हसलेल्या अनेकांचाही शेवट तिथंच झाला.