मार्टिन रिंकार्ट : मरीच्या दिवसांतील उपकारस्तुति

पाऊस वेळेवर पडला, पीक चांगलें आलें, मूल दुखण्यांतून उठलें, म्हणजे देवाचे उपकार मानणें आम्हां सर्वांस सोपें जातें. पण विहीर आटली, घरांत मरण आलें, म्हणजे आमची जीभ कां अडखळते? ह्या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस जर्मनी देशांतील एका पाळकाचें चरित्र आठवतें.

मार्टिन रिंकार्ट यांचा जन्म सन १५८६ त सॅक्सनी प्रांतांतील आयलेनबुर्ग गांवीं झाला. त्यांचे वडील लांकडी पिंपें बनविणारे कारागीर होते. लायप्झिग येथें विद्या संपादून व कांहीं वर्षें इतरत्र सेवा करून सन १६१७ त ते आपल्या जन्मगांवीं पाळक झाले. पुढल्याच वर्षीं तीस वर्षें चाललेलें तें प्रसिद्ध युद्ध पेटलें. गांवास तट असल्यामुळें चहूंकडचे निराश्रित लोक तेथें आश्रयास येत. त्या दाटींत सन १६३७ त भयंकर मरी शिरली. दुसरे पाळक कोणी गांव सोडून गेले, कोणी मरण पावले. रिंकार्ट एकटे उरले. कधीं कधीं एका दिवसांत ४०-५० प्रेतांना त्यांनीं मूठमाती दिली. त्यांच्या हातून पुरलेल्यांची संख्या ४,००० हून अधिक झाली. त्याच वर्षीं त्यांची पत्नीही वारली.

मरीमागून दुष्काळ आला. त्यांच्या दारीं भुकेल्यांची गर्दी जमूं लागली. घरापुरतें थोडकें ठेवून बाकीचें त्यांनीं वांटून दिलें. शेवटीं मुलांच्या भाकरीसाठीं पुढील वर्षांचें वेतन गहाण टाकण्याची पाळी आली. सन १६३९ त स्वीडनच्या सैन्यानें गांवाकडे ३०,००० ची खंडणी मागितली. विनवणी व्यर्थ गेली, तेव्हां रिंकार्ट मंडळीसह गुडघे टेकून प्रार्थनेस लागले. अखेर ती मागणी २,००० वर उतरली.

ह्याच युद्धकाळांत ह्या मनुष्यानें भोजनाच्या वेळीं म्हणण्यासाठीं एक लहानसें उपकारस्तुतीचें गीत रचिलें. योहान क्र्यूगर यांनीं सन १६४७ त तें चालीसह छापलें, आणि आज अनेक देशांतील मंडळ्या तें गातात. सन १६४८ त तह झाला. सन १६४९ च्या डिसेंबरांत रिंकार्ट प्रभूमध्यें निजले. ज्या गांवासाठीं ते झिजले, त्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांचे फारसे आभार मानिले नाहींत. तरी देवाचे आभार मानण्यांत त्यांनीं खंड पडूं दिला नाहीं.

उपकार मानणें म्हणजे दुःख झांकणें नव्हे, अगर मरीला चांगलें म्हणणेंही नव्हे. दुःखांतही देवानें आम्हांस सोडिलें नाहीं, ह्याची ती आठवण आहे. आणि भाकर हें दान आहे असें ज्यास कळलें, त्याची मूठ मिटलेली राहत नाहीं. तर आज रात्रीं, ताटांत कोरडी भाकर असली तरी, मुलांना जवळ बसवून आपण प्रभूचे उपकार मानूं या; आणि घांस घेण्यापूर्वीं शेजाऱ्याची चूल पेटली आहे कीं नाहीं, तेंही पाहूं या.